गोलातली बाई

निवडणुकीच्या दिवसांत माझी बायको रोज संध्याकाळी सात वाजता साऱ्या देशाच्या घरात जाते, आणि तिला कोणी बसा म्हणत नाही. टीव्हीच्या पडद्यावर उजवीकडे खाली बशीएवढा एक गोल असतो. त्यात काळे कपडे घातलेली एक बाई हातवारे करत असते. ती आमची. लोक मला विचारतात, "त्या बाई नक्की काय करतात हो?" मी सांगतो, नेते बोलतात ते बहिऱ्या माणसांना समजेल अशा खुणांनी सांगते. "म्हणजे नेत्यांचं बोलणं त्यांना समजतं?" लोक पुढे विचारतात. हा प्रश्न मात्र रास्त आहे.

कागदोपत्री कर्णबधिर म्हणतात हे मला माहीत आहे. पण माझे सासरे स्वतःला बहिरा म्हणवतात, आणि त्यांच्यापुढे कागदांचं काही चालत नाही. बहिऱ्यांमध्ये नाव उच्चारायचा प्रश्नच नसतो, प्रत्येकाची एक खूण असते आणि ती त्याच्या सवयीवरून पडते. या निवडणुकीतल्या दोन मोठ्या नेत्यांपैकी एक जण दर दोन वाक्यांनी कॉलर ताठ करतो, म्हणून तो कॉलर. दुसरा कपाळावरचा नसलेला घाम टिपत असतो, तो रुमाल. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, दिवसभर डोळ्याला भिंग, म्हणून मी भिंग. बायकोचं नाव वेणी. तिने केस कापून पंधरा वर्षं झाली, पण ते कोण ऐकतो.

वेणीचे आईवडील दोघेही जन्मापासून बहिरे. आई गेल्या, बाबा आहेत. सहाव्या वर्षापासून ही पोरगी त्यांच्याबरोबर बँकेत, दवाखान्यात, शाळेत दुभाषी म्हणून उभी. बँकेतला साहेब पाच मिनिटं गुरगुरला की ती बाबांना सांगायची, "उद्या या, फोटो आणा." डॉक्टरांनी आपल्या शिक्षणाची सगळी कहाणी ऐकवली की सांगायची, "मीठ कमी करा." लोकांच्या बोलण्यातून धान्यातल्यासारखे खडे वेचून काढायचे आणि उरलेलं बाबांच्या पुढ्यात ठेवायचं, हे तिच्या अंगवळणीच पडलं. पुढे तिने रीतसर अभ्यासक्रम केला. प्रमाणपत्र आमच्या भिंतीवर आहे. दुभाष्याने पदरचं काही घालू नये आणि बोलणाऱ्याचं काही गाळू नये, असं त्यावर ठळक अक्षरांत छापलंय. ती रोज त्याची धूळ पुसते.

आणि रोज सात वाजता बरोबर उलट करते. कॉलर अठरा मिनिटं रुमालच्या आजोबांचा उद्धार करायचा, मध्येच कधीतरी त्याच्या तोंडून धरण हा शब्द निसटायचा. गोलात वेणी सांगायची, "धरण दोन वर्षांत पुरं करू. आधी कालवे, मग भिंत." रुमाल वाक्य सुरू करून ते भर रस्त्यात टाकून जायचा. वेणी ते उचलून घरी पोचवायची. मी एकदा म्हटलं, "अगं, हे तो म्हणालाच नाही."

"म्हणायचं असेल त्याला," ती म्हणाली. "एवढा मोठा माणूस. उगाच कशाला उभा राहील?"

आता दोन प्रकारचे मतदार मी रोज पाहत होतो. एक आमच्या दुकानातले, धडधाकट कानांचे. फ्रेमी नाकावर चढवत ते दोन्ही नेत्यांची तुलना करायचे. नावं ते खरी घ्यायचे, मी आपली खुणांचीच सांगतो. "कॉलरचा आवाज काय भारदस्त आहे! असा माणूस परदेशात गेला की समोरचा चळाचळा कापणार." "पण रुमाल झोपतो किती कमी, बघा." एका निवृत्त बाईंनी दोघांच्या सुना तपासून मत पक्कं केलं होतं. एका गृहस्थांना कॉलरसारखी फ्रेम हवी होती. नंबर कुठलाही चालेल म्हणाले. चार-चार तास दुकानात देशाचं राजकारण चालायचं, आणि हे दोघे निवडून आल्यावर करणार काय, हा फाजील विषय कोणी काढायचा नाही.

दुसरे मतदार सायकलच्या दुकानावरच्या खोलीत रविवारी जमायचे. बहिऱ्यांचा क्लब, साठ माणसं. भिंतीवर फळा, फळ्याच्या मधोमध रेघ, इकडे कॉलर, तिकडे रुमाल. कॉलरने धरणाची मुदत सांगितली, रुमालने नाही. रुमालचा औषधांचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण दवाखाने कुठे उघडणार ते त्याने अजून सांगायचंय. हात हमरीतुमरीवर यायचे, पण मुद्दा सोडून कोणी जायचं नाही. साऱ्या देशात डोकं शाबूत ठेवून मत ठरवणारे हे साठच जण, आणि नेत्यांचा एक शब्द त्यांच्या कानावर पडलेला नव्हता. पेपरात दोघांनी एकमेकांना दिलेली शेलकी विशेषणं छापून यायची. ती वाचून बाबा म्हणायचे, "हे पेपरवाले किती खोटं लिहितात!"

बाबांबद्दल सांगायला हवं. ते बहिऱ्यांच्या सरकारी कार्यशाळेत पस्तीस वर्षं होते, शेवटची दहा मुकादम म्हणून. तिथे खुर्च्या-टेबलं बनतात. क्लबातले चाळीस जण आजही तिथे कामाला आहेत. एक पाय सूतभर कमी दिसला की बाबा अख्खी खुर्ची परत पाठवायचे. असा हा कडक माणूस रोज पावणेसातला इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून टीव्हीसमोर बसतो. कॉलर आणि रुमालसाठी नव्हे, गोलासाठी. त्याच्या मुलीला सगळा देश बघतोय, असं त्याला वाटतं. वेणीचा पगार काही डोळे दिपवणारा नाही. ती त्या गोलात जाते ती समोर कुठेतरी इस्त्रीचा शर्ट आहे म्हणून. ही नोकरी गेली तर तिचं काय जाईल, हे मला ठाऊक होतं.

मतदानाला दहा दिवस उरले आणि दोघा नेत्यांचा समोरासमोर कार्यक्रम ठरला. वाहिनीने प्रश्न आधीच जाहीर केले होते. पाचवा होता, बहिऱ्यांच्या कार्यशाळा बंद करणार की चालू ठेवणार? क्लबात नुसती खळबळ. साठही मतं या एका उत्तरावर द्यायची, असा ठराव झाला.

त्या दिवशी सकाळी चहा पिताना वेणी म्हणाली, "आज मी जसंच्या तसं सांगणार आहे."

"म्हणजे?"

"धरण झालं काय, नाही झालं काय, बाबांच्या घरात पाणी येणार नव्हतं. पण कार्यशाळा चालू राहील असं माझ्या हातून गेलं, तर चाळीस जण निर्धास्त होतील. कोणी दुसरं काम शोधणार नाही. त्यांच्या पोटाशी खेळ मी कसा करू?"

"आणि बाबा?"

"बाबांनाही जसंच्या तसं."

संध्याकाळी मी क्लबात सगळ्यांबरोबर टीव्हीसमोर जाऊन बसलो. नेत्यांचं ऐकू येणारा आणि वेणीचं समजणारा त्या खोलीत मी एकटाच. असला सन्मान माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

पाचवा प्रश्न आला. कॉलरने कॉलर ताठ केली. "खुर्ची! मीसुद्धा लहानपणी खुर्चीवर बसलो आहे. खुर्चीला चार पाय असतात. देशालाही चार पाय असतात. आणि यांच्या काळात त्यातला एक तरी पाय जाग्यावर होता का, हे मी नाही, जनता विचारते!" टाळ्या पडल्या. गोलात वेणीने खुर्ची दाखवली, तिच्यावर बसलेलं लहान मूल दाखवलं, मग पाय मोजले. एक, दोन, तीन, चार. मग देशाचे पाय मोजले.

रुमालने कपाळ टिपलं. "हे पाहा, योग्य वेळी, योग्य त्या पातळीवर, योग्य तो विचार... मुळात बंद म्हणजे काय, हे आधी आपण... आणि म्हणूनच मी नेहमी सांगत आलो आहे की..." इथे त्याने पाण्याचा घोट घेतला आणि बसला. वेणीचे हात छातीसमोर तसेच थांबले. चार-पाच सेकंद ती तशीच होती.

खोलीत एकशे वीस हात एकदम उठले. "वेणीला काय झालं?" "ताप आहे का?" क्लबचा सेक्रेटरी, निवृत्त शिंपी, ज्याला सगळे कात्री म्हणतात, तो बाकावर उभा राहिला. "विचारलं कार्यशाळेचं, आणि ही पाय कसले मोजते?"

मी उठलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितलं, "ते खरंच असं म्हणाले. मी ऐकलं."

सगळ्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "भिंग, तू बस," कात्री म्हणाला. बाबा उठले आणि कार्यक्रम अर्धा असतानाच टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या साहेबांनी वेणीला बोलावलं. दोन्ही पक्षांनी तक्रारी केल्या होत्या. कॉलरवाल्यांचं म्हणणं, आमच्या वेळी बाईंचा चेहरा आंबट होता. रुमालवाल्यांचं म्हणणं, आमच्या वेळी बाई मुद्दाम थांबल्या. देशहिताच्या एका तरी प्रश्नावर दोघांचं एकमत झालं, याचा मला आनंदच झाला. साहेब भला माणूस. म्हणाला, "पक्षांच्या तक्रारी मी ड्रॉवरमध्ये टाकतो. पण ज्यांच्यासाठी तुम्ही काम करता त्या प्रेक्षकांनीच लिहून दिलं, तर मात्र माझा नाइलाज होईल."

घरी आल्यावर मी म्हटलं, "पुढच्या वेळी कर की थोडं पहिल्यासारखं."

"नाही जमणार," ती म्हणाली. "कार्यशाळेचं खरं सांगितल्यावर आता धरणाचं खोटं कसं सांगू?"

रविवारी बाबा आणि कात्री घरी आले. बाबांचा शर्ट इस्त्रीचा होता. त्यांना पत्र लिहून हवं होतं. क्लबचं कुठलंही पत्र वेणीच लिहिते. ते खुणांनी सांगतात, ती कागदावर उतरवते. पत्र कोणाला, तर वाहिनीला. विषय काय, तर गोलातली बाई.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, ही तुमची मुलगी आहे!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. बहिऱ्या माणसावर ओरडण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही. मग तेच हातांनी सांगितलं.

"घरात मुलगी," बाबा म्हणाले. "गोलात कामाला. मी सख्ख्या पुतण्याची खुर्चीसुद्धा परत पाठवली आहे."

"बाबा, ते दोघे तसंच बोलले," वेणी म्हणाली.

"दोघेही? एकाच दिवशी? इतके दिवस तर नीट बोलत होते. मी स्वतः पाहिलंय."

"इतके दिवस मी त्यांचं नीट करत होते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि कात्रीकडे वळून हसले. "ऐकलंस? म्हणजे धरण हीच बांधणार होती!"

वेणीने कागद घेतला, पेन घेतलं. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "सोड. बहिऱ्या माणसाला पत्र लिहून द्यायचं नाही म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखंच आहे." मी सोडला. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा एवढा राग आला होता की मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

बाबा सांगत गेले, ती लिहीत गेली. देशाचे दोन्ही मोठे नेते आजवर मुद्देसूद बोलत आले आहेत. त्या दिवशीही त्यांनी आमच्या कार्यशाळेबद्दल स्पष्ट उत्तर दिलं असणार. ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. चाळीस घरं त्या उत्तराची वाट पाहत होती. कात्री मान डोलवत होता. बाबांचे हात मुकादमाचे, एकेक खूण रंधा मारल्यासारखी साफ.

"म्हणून आमची विनंती आहे की..." बाबांनी सुरू केलं, आणि त्यांचे हात थांबले.

वेणी पेन टेकवून बसली होती. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेकडे. हात पुन्हा उचलले, पुन्हा मांडीवर ठेवले. कात्री आपल्या चपलांकडे बघत होता. मला वाटलं, सुटलो, म्हाताऱ्याच्याने हे होत नाही, आता पत्र फाटणार आणि मी सगळ्यांना चहा करणार.

वेणीने थोडा वेळ वाट पाहिली. मग वाकली आणि सावकाश एक ओळ लिहिली. "सध्याच्या दुभाषी बाईंना या कामावरून दूर करून त्यांच्या जागी योग्य व्यक्ती नेमावी."

तिने कागद वळवून त्यांच्यापुढे सरकवला. बाबांनी अक्षरावर बोट ठेवत सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं.

"हे मी म्हटलं?" त्यांनी विचारलं.

"हो," वेणी म्हणाली.

तिने सांगितलेलं त्यांनी जन्मात कधी पडताळून पाहिलं नव्हतं. त्यांनी सही केली.