वाणातली पुस्तिका

"तुम्ही जरा बाहेर बसा ताई. हळदीकुंकू आटोपलं की हाक मारते."

महिला मंडळाच्या अध्यक्षबाई हे हळूच बोलल्या. खांद्यावर हात ठेवून. मी बाहेर आले. धरणगावातल्या त्या सभागृहाच्या पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी बसले.

दारात फलक होता. 'पाळी थांबण्याचे वय : डॉक्टरांचे व्याख्यान व माहितीपुस्तिका. सर्व महिलांनी यावे.' तो मीच लिहिला होता. मी वाचनालयात काम करते. अक्षर बरं आहे, म्हणून संक्रांतीचा फलक दरवर्षी माझ्याकडे येतो.

नवरा जाऊन दहा महिने झाले होते. मी रडले नव्हते. भर थंडीत, वाचनालयात बसल्या बसल्या मान घामानं भिजायची. वाटायचं, दुःख असंच बाहेर पडत असेल. पाळी तर दीड वर्षापूर्वीच थांबली होती. मग डिसेंबरात डाग दिसला. पुन्हा दिसला. वाचनालयात पाककृतींच्या दोन फळ्या भरल्या आहेत. यावर एकही पुस्तक नाही. म्हणून आले होते. एवढंच विचारायचं होतं.

नळावर अक्का कप विसळत होती. सभागृहाची झाडलोट तीच करते. तिचाही नवरा नाही. तिला बाहेर बसायला कोणी सांगितलं नव्हतं. ती आत गेलीच नव्हती.

आत माइक सुरू झाला. बायका हसल्या. शब्द कळत नव्हते. हाक आली नाही. व्याख्यान संपलं. डॉक्टरांची गाडी जळगावकडे गेली. मग अध्यक्षबाई आमच्यासाठी कागदात तिळगूळ घेऊन आल्या.

मी म्हटलं, मला ती माहितीची पुस्तिका हवी.

"ती वाणात आहे हो ताई. वाण तुम्हाला कसं देणार?"

त्या दुष्ट नव्हत्या. खरंच अवघडल्या होत्या. आणि क्षणभर मलाही ते पटलं. मान हललीसुद्धा. आजही लागतं ते हेच.

मी उठले. आत गेले. ताटात शेवटची तीन-चार वाणं उरली होती. प्लास्टिकचा डबा, त्यावर पुस्तिका. डबा ठेवला, पुस्तिका उचलली. कोणीतरी पुटपुटलं, "शिकलेल्या ना त्या." मी बाहेर आले.

पायरीवर बसून उघडली. कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं. आठव्या पानावर होतं : पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, थोडा असला तरी, लगेच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मी ते मोठ्यानं वाचलं. का, ते माहीत नाही.

अक्काचा हात कपावर थांबला.

"माले बी तसंच व्हई ऱ्हायनं, बाई. कोनले सांगू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं जळगावला गेलो. तपासण्या झाल्या. रिपोर्ट यायचे आहेत. काय येईल ते येवो.

पुस्तिकेच्या प्रती काढल्या आहेत. येत्या रविवारी दुपारी वाचनालयात बसायचं ठरवलंय. लग्न न झालेल्या, टाकलेल्या, पिशवी काढलेल्या, कुंकू लावणाऱ्या, न लावणाऱ्या, कोणीही या. आठवं पान मी वाचेन. दारात हळदीकुंकवाचं ताट ठेवू देणार नाही, कोणी कितीही प्रेमानं आणलं तरी.

फलक पुन्हा मीच लिहिला आहे. सर्व महिलांनी यावे. शब्द तेच ठेवले. या वेळी दारात मी उभी राहणार आहे.