सरूआक्कांचं पुरणयंत्र

सरूआक्का दिवसा दाराला कडी लावत नसत. कोणी ना कोणी काहीतरी मागायला येणारच, मग दर वेळी उठायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवयांचं यंत्र, बारशाचा पाळणा, पन्नास माणसांच्या भाताचं पातेलं, सतरंज्या, पाट. ताडकळसमधल्या आमच्या गल्लीचं निम्मं सामान त्यांच्या दोन खोल्यांत होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. "आसू द्या बाई, लागतंय कवातरी कुणाला," असं म्हणत त्या पाटांच्या थप्पीशेजारी अंग चोरून झोपत.

मी शेजारी भाड्याने राहणारी, परभणीहून आलेली शाळेतली बाई. पसारा मला बघवत नाही. माझ्या वर्गात चपलासुद्धा ओळीत लागत. सणाला मी आक्कांकडून पितळी पुरणयंत्र आणायची आणि चिंचेने घासून परत द्यायची. त्या आत डोकावून बघायच्या. "लय झ्याक घासलं की वो," म्हणायच्या. मला ती शाबासकी वाटायची.

एका सकाळी पाळण्याच्या पायात अडकून आक्का पडल्या. मनगट सुजलं. मी हट्टच धरला, हे सगळं विकून टाकायचं.

"विकून काय करू? मला काय कमी हाय?"

"उद्या कंबर मोडून पडलात तर कोण बघणार आहे तुमचं?"

त्या उठल्या आणि एका हाताने पाट मोजू लागल्या. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

बाजाराच्या दिवशी अंगणात सामान मांडलं. चिठ्ठ्या लिहून मी किमती लावल्या. आक्का मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावत बसल्या. "पाळण्याची उशाकडली दोरी तेवढी बदला. गल्लीतली समदी लेकरं निजलीत ह्यात." पाळणा परगावचा एक माणूस घेऊन गेला. बाकीचं गल्लीतल्या बायकांनीच हौसेने उचललं. पुरणयंत्र मी घेतलं. दुपारी खोल्या झाडून काढल्या आणि म्हटलं, "बघा, घर कसं मोकळं झालं."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "आवाज घुमायलाय."

त्यानंतर त्यांच्याकडे कोणी येईना. येणार कशाला? प्रत्येकीच्या घरात आता आपापली वस्तू होती. पूर्वी शेवयांचं यंत्र परत यायचं तेव्हा त्यासोबत ओंजळभर शेवया यायच्या, पातेल्यात वाटीभर भात नाहीतर गुळाचा खडा असायचा, आणि आणणारी बाई अर्धा तास बसून घरचं सांगून जायची. शेजारी राहूनही मी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी मी शाळेत असायची. थोड्याच दिवसांत आक्का भरदुपारी कडी लावून बसू लागल्या.

होळीला त्या माझ्या दारात आल्या. जन्मात कोणाकडे काही मागायला न गेलेली बाई पदर सारखा करत उभी होती. "बाई, यंतर द्या की जरा. सांजच्याला आणून देते."

संध्याकाळी त्यांनी यंत्र आणलं. आत फडक्यात गुंडाळलेल्या दोन पोळ्या होत्या.

"हे कशाला, आक्का?"

"मग रिकामं कसं देऊ वो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी ते लख्ख करून रिकामंच परत करत होते आणि त्या दर वेळी आत डोकावत होत्या. "मला कधी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं? तुमी येत व्हता की. मला तेवढं बास व्हतं."

त्याच वर्षी दिवाळीआधी, दोन दिवसांच्या तापाने त्या गेल्या. मी घर मोकळं केलं, आणि त्या घरात आक्का एकट्या पडल्या. चांगलंच करायला गेले होते, पण तेवढ्याने मनाचं समाधान होत नाही.

या होळीला पुरण वाटून झालं. यंत्र घासलं, सवयीने पुसलं. मग आत दोन पोळ्या ठेवल्या आणि ते घेऊन बाहेर आले. शेजारच्या दाराला कुलूप होतं.