‘ले’चा ‘ला’

भोंगाभाऊला शिट्टी लागत नसे. भिलाईच्या कारखान्याची उभारणी चालली होती तेव्हाची गोष्ट. तो खालून नुसता ओरडला, की उंचावरचा क्रेनवाला जागच्या जागी थांबायचा. क्रेनला ओझी अडकवणारा, भंडाऱ्याकडचा हा खलाशी कॅम्प-१ या कामगार वस्तीत राहायचा. भोंगा हे नाव आम्हा टाइम ऑफिसातल्या बाबूंनी ठेवलेलं. खरं नाव मी रोज हजेरीत लिहायचो, पण त्या नावाने हाक कधी मारली नाही.

त्याला वेड नाटकाचं. मराठी मंडळाच्या प्रयोगाला खुर्च्या हाच मांडायचा आणि मागे कनातीपाशी उभा राहायचा. पुढची रांग साहेबांच्या आणि नटांच्या घरच्यांची. “बायको म्हनते, तुमी मांडता त्या खुर्चीवर मले कदी बसवान?” असं तो हसत सांगायचा. मंडळाने नव्या नाटकासाठी नट निवडायचं ठरवलं, तसा तो माझ्याकडे आला. मी साताऱ्याचा, म्हणजे त्याच्या लेखी भाषेचा मालकच. “मास्तर, आवाज माह्याजवळ हाये. भाषा तेवढी तुमची द्या.”

मी ऐटीत नियम दिला : तोंडात ‘ले’ आलं की ‘ला’ म्हणायचं. मले नाही, मला. तुले नाही, तुला. पाळी सुटली की तो महिनाभर माझ्यापुढे घोकत बसायचा. “चुकून तं नाही राहिलो?” मी मान हलवायचो. लक्ष कोणाचं होतं!

निवडीला नाटकातल्या थोरल्या मुलाचं वाक्य होतं, ‘बाबा गेले. आता मला कोण हाक मारणार?’ भोंगाभाऊ त्या भरदार आवाजात म्हणाला, “बाबा गेला.”

परीक्षक साहेब म्हणाले, “अहो, मेलेल्या बापाला तरी मान द्या.” सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. नियम माझा होता, एवढं सांगायला जीभ रेटली नाही.

बाहेर त्याने विचारलं, “मास्तर, कावून हासले सारे?” मी म्हणालो, “सोड रे, नशीब एकेकाचं.” खरं काय ते त्याला पुढे दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं.

काही महिन्यांनी सिव्हिक सेंटरच्या बाजारात दिसला. बायकोशी बोलत होता, “तुले सांगतो, हे लुगडं घे.” मी जवळ जाऊन म्हणालो, “भाऊ, चूक माझी होती.”

त्याने हात जोडले. “कोई बात नहीं, बाबूजी.”

त्यानंतर मी भिलाईत वीस वर्षं काढली. रोज भेटायचा, खुशाली विचारायचा. माझ्याशी मराठीत मात्र तो पुन्हा कधी बोलला नाही.