सुनेच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका

माझी सून रस्ते खात्यात आहे. संगणकाच्या पडद्यावर गाड्यांचे ठिपके पळवायचे, कुठे तुंबतात ते बघायचं आणि मग खरा रस्ता सुधारायचा, हे तिचं काम. मी पदवीधर, त्यामुळे काही न कळताही मान डोलावता येते.

हल्ली तिचं जेवणात लक्ष नव्हतं. आमच्या घराजवळच्या दवाखान्यासमोर रोज गाड्या तुंबतात. साहेबांना तिथल्या दुभाजकाची फट बंद करून सलग कठडा हवा होता, म्हणजे म्हाताऱ्यांना पार सिग्नलपर्यंत वळसा. हिला त्या फटीत, लोकांना मध्ये थांबायला ओटा हवा होता. पण हिच्या पडद्यावर तो रस्ता तुंबेचना! साहेब म्हणाले, ‘आहे ते दाखवता येत नाही, तर तुमच्या ओट्यावर विश्वास कसा ठेवू?’ बैठक सोमवारी होती.

‘गाड्या कमी धरल्यास तू,’ मी अक्कल पाजळली.

शनिवारी ती दवाखान्याच्या पायरीवर गाड्या मोजत उभी होती. मी समोरून भाजी घेऊन आले, हात वर केला आणि नेहमीसारखी घुसले. बस कचकन थांबली.

‘आजी, रस्ता तुमच्या नावावर आहे का?’ ड्रायव्हर ओरडला.

‘हो! तुला भाड्याने दिलाय!’

माझ्या आडोशाने काठ्या, कुबड्या, सगळा दवाखाना पलीकडे आला. सून कपाळाला हात लावून हसत होती.

‘आई, माझे सगळे ठिपके शहाण्यासारखे सिग्नलला जातात. तुमच्यासारखं कुणी घातलंच नाही मी!’

संध्याकाळी तिने मला घातलं. एक हिरवा ठिपका ठुमकत मधोमध आला आणि मागे थेट पुलापर्यंत रांग लागली. हुबेहूब आमचा रस्ता! आणि मी आजवर महापालिकेला शिव्या घालत होते.

‘कठडा टाकला तर काय कराल?’ तिने विचारलं.

‘चढेन.’

तेही तिने घातलं. शेवटी ओटा टाकला, तेव्हा कुठे रांग आटली.

सोमवारी ते बघून साहेब नरमले, पण आधी तात्पुरता ओटा ठेवून बघू म्हणाले. लोक थांबले नाहीत, तर कठडा.

पहिल्या सकाळी ते स्वतः हजर. मी ओट्यावर पोचले. समोरून बस आली आणि माझा हात आपोआप वर निघाला. पलीकडे सुनेचा चेहरा पांढराफटक.

हात तसाच मागे नेला, अंबाडा चाचपला. बस गेली, मोटार गेली, स्कूटर गेली. मी चाचपतेच आहे. माझ्यामागे काठ्या, कुबड्या, सगळा दवाखाना मुकाट्याने उभा.

अंबाडा पार सुटला. ओटा मात्र राहिला.