चढणीवरचा दांडा

युद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि मालकाने आमच्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवली. पेट्रोलऐवजी तिच्या गॅसवर मोटार चालायची. तेव्हापासून मी ड्रायव्हर कमी आणि भट्टीवाला जास्त झालो. कर्जतहून सकाळी नगरला मोटार न्यायची तर पहाटेच उठून लोणारी कोळसा पेटवायचा आणि गॅस धरेपर्यंत हाताने पंखा फिरवत राहायचं. खांदा भरून यायचा. कितीही वेळा चूळ भरली तरी थुंकी काळीच पडायची. मोटार सुरू होईपर्यंत माझ्या अंगातली निम्मी ताकद संपलेली असे, आणि प्रवासी विचारत, आज उशीर का?

ती मोटार सपाटीवर बरी चालायची. चढ आला की तिचा जीव जायचा. नगरच्या अलीकडे एक लांबलचक चढण होती. तिच्या पायथ्याशी मी मोटार उभी करायचो आणि माणसं मुकाट्याने खाली उतरायची. गाठोडी आत ठेवून मोटारीच्या मागे चालायची, अडली तर ढकलायची. पैसे मोजून वर पायपीट कशासाठी, असं सुरुवातीला कोणी कोणी कुरकुरलं. पुढे त्यांनाही भांडायचा कंटाळा आला.

उतरण्याआधी मी एकच विचारायचो, "बसायचं कुणाला?" ज्याला आत राहायचं त्याने कारण सगळ्यांसमोर सांगायचं, असा रिवाज पडून गेला होता. तो मी पाडला नव्हता, प्रवाशांनीच पाडला होता. कुणाला ताप असे, कुणाच्या पायात कुरूप. कारण पटलं तर बाकीचे माना डोलवायचे. नाही पटलं तर अशी टिंगल व्हायची, की माणूस लंगडत का होईना पण उतरायचा. पोट दिसणाऱ्या बाईला मात्र कोणी विचारत नसे. मला या रिवाजाची बरी सोय वाटायची. भांडण माझ्या अंगावर यायचं नाही.

त्या उन्हाळ्यात एका आडवळणाच्या गावच्या थांब्यावर एक म्हातारा, त्याची बायको आणि त्यांची तरुण सून अशी तिघं चढली. म्हातारी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "सुनंला म्होरं बसवा, बाबा. मागं हादरे लई बसत्यात." मग तिने पुढच्या बाकावर स्वतःच्या हाताने गोधडी चौपदरी घालून सुनेला तिच्यावर बसवलं. त्या बाकावर रोज एक बैलांचा व्यापारी बसायचा. त्याला मागे जावं लागलं आणि तो वाटभर धुमसत राहिला. म्हातारीने पुन्हा एकदा मला खड्डे चुकवायला सांगितलं. कुठे निघालात म्हटल्यावर, नगरला मिशनच्या दवाखान्यात, एवढंच म्हणाली. काय दुखतंय ते सांगितलं नाही. मी ओळखलं.

ओळखलं, कारण आमच्या घरात ते होऊन गेलं होतं. माझी बायको एकदा माहेराहून परत येत होती, दुसऱ्या कोणाच्या तरी मोटारीत. तिसरा महिना होता. असल्याच एका चढावर सगळे उतरले, तशी तीही उतरली आणि रणरणत्या उन्हात चालली. एवढ्या पुरुषांसमोर ती काय सांगणार? शिवाय पाच महिने होईस्तोवर असली गोष्ट बाहेर काढायची नाही, नजर लागते, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. ती घरी आली ती पोट धरूनच. आमच्या घरात पाळणा हलला नाही. पुढे हलेल असंही आता आम्ही एकमेकांना म्हणत नव्हतो.

चढण आली. मी मोटार थांबवली आणि सवयीने विचारून बसलो, "बसायचं कुणाला?" मागच्या बाकावरच्या दुसऱ्याच एका म्हाताऱ्याने पायाची सूज दाखवली, त्याला माफी मिळाली. मी पुढच्या बाकाकडे पाहिलं. सून खाली बघत होती. मागून सासूचा आवाज येईल म्हणून मी थांबलो, पण म्हातारीने ओठ आवळून धरले होते. सासरा तर केव्हाच उतरून छत्री उघडत होता. एवढ्यात बैलांचा व्यापारी खिडकीशी येऊन म्हणाला, "हिला काय धाड भरलीय? चांगली धडधाकट हाय की. उतरा, बाई."

सुनेने पदर सावरला आणि एक पाय पायरीवर टाकला. मला राग आला. व्यापाऱ्याचा आला, म्हातारीचा आला, त्या रिवाजाचा आला, आणि युद्ध करणाऱ्या साऱ्या सरकारांचा आला. पण खरं कारण सांगितलं असतं तर त्या घराने झाकून ठेवलेली गोष्ट मी चव्हाट्यावर मांडल्यासारखी झाली असती.

माझ्या डाव्या हाताशी एक लोखंडी दांडा होता. पेट्रोलच्या काळातला. भट्टी बसवताना त्याची तार काढून टाकली होती, दांडा तेवढा राहिला होता.

"त्या उतरायच्या न्हाईत," मी ओरडलो. "चढाला हा दांडा कुणीतरी दाबून धराय लागतो. न्हाईतर भट्टी मागं वढती."

"रोज कोण धरतं मग?" व्यापाऱ्याने विचारलं.

"रोज मीच धरतो. आज खांदा गेलाय माजा."

खांदा गेलाच होता, तेवढं खरं होतं. आणि कोळशाच्या त्या यंत्राची सगळ्यांना अशी धास्ती होती, की पुढे कोणी वाद घातला नाही. सून परत गोधडीवर बसली आणि दोन्ही हातांनी तिने दांडा घट्ट धरला. सगळी चढण ती रस्त्याकडे न बघता त्या दांड्याकडेच बघत होती. मी शक्य तितकी हळू मोटार चढवली. माथ्यावर सासरा धापा टाकत आला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या सुनंनं मोटार चढवली."

त्यानंतर ती माणसं बरेच दिवस दिसली नाहीत. कोळसा आणखी वाईट येऊ लागला, त्यात निम्मी माती. पावसाळ्यात तो ओला व्हायचा आणि मी चुलीपाशी बसलेल्या बाईसारखा फुंकत राहायचो. त्या सुनेचं काय झालं असेल, हे चढणीवर रोज मनात यायचं आणि विचारायला कोणी नसायचं. पुढच्या बाकावरचा व्यापारी मात्र चढ आला की न सांगता दांडा धरून बसू लागला. त्याचं चालणं वाचलं. खरं सांगितलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

थंडी पडू लागली होती तेव्हा ती तिघं पुन्हा चढली. सुनेच्या हातात कुंचीतलं तान्हं होतं. चढणीपाशी मी विचारलं, "बसायचं कुणाला?" लेकुरवाळीला कोणी उतरवलं नसतं. पण ती तान्हं छातीशी धरून स्वतःहून उतरली आणि सगळ्यांबरोबर चालू लागली. म्हातारी पुढच्या बाकापाशी आली. व्यापाऱ्याला तिने उठवलं, सुनेच्या त्या जुन्या जागी बसली आणि दांडा पकडला.

"तुमाला न्हाई जमायचं," ती त्याला म्हणाली. "ह्याला आमच्या घरचा हात लागतो."

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं पहिल्यापासून बायकोला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "त्यो दांडा कशाचा हुता?"

"कशाचाच नव्हता," मी म्हणालो.

तिने चुलीतली लाकडं मागे ओढली.

"मला कुणी दिला असता," ती म्हणाली, "तर मी बी धरला असता."