घरासारखी फरशी

‘ताई, डोळे मिटून घेऊन जा,’ असं दुकानदार म्हणाला की मी डोळे फाडून बघायला लागते. स्वभावच तसा आहे माझा. आणि खामगावचा तो प्लायवूडवाला तर दर दोन वाक्यांनी माझे डोळे मिटवत होता.

माझा नवरा शाळेची बस चालवायचा. शाळेनं ती म्हातारी बस विकायला काढली तेव्हा आम्हीच घेतली. बाकडी उपटून आत मला पार्लर थाटायचं होतं. बाजाराच्या दिवशी देऊळघाट, अमडापूर, पिंपळगाव राजा. भुवया, फेशियल, केसांना डाय, सगळं बायांच्या दाराशी. बुलढाण्यात दुसरीच्या पार्लरमध्ये मी वर्षानुवर्षं बोलणी खात राबले होते. बस चालली नसती तर परत तिच्याच दारात उभं राहावं लागलं असतं, आणि ते मला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं.

बसची जमीन कुजली होती. मला टाइल्स हव्या होत्या. नवरा म्हणाला, “लादी टाकली त घाटात तुलेच उतरून धक्का मारा लागन. हलकं पाह्य काही.”

मग मी नमुने गोळा केले. माझा कोणावरच विश्वास नव्हता. वॉटरप्रूफ म्हणवणारा बोर्ड बादलीत बुडवून ठेवला, सकाळी तो पुरीसारखा फुगला होता. उरलेल्यांवर गरम वॅक्स सांडलं, डाय ओतला, बत्ता आपटला. प्लायवूडवाला ज्याला ‘एकदम हलकं’ म्हणाला, तो तुकडा समोरच्या कांदेवाल्याच्या काट्यावर घालून आणला.

“तू त आपल्या सावलीवर बी संशय घेशीन,” नवरा हसला.

“घेईनच. ती तरी दिवसभर माझ्या मागं मागं काऊन फिरते?”

शेवटी पातळ प्लाय आणि त्यावर सागवानी रंगाचं विनाईल, गुंडाळीतलं. नवऱ्यानं गुंडाळी एका खांद्यावर उचलली तेव्हाच मी हो म्हटलं. बसवल्यावर अशी चकाकली की माझं मलाच कौतुक वाटलं.

अमडापूरच्या बाजारात बस लावली. बाया पायरीपर्यंत यायच्या, आत डोकावायच्या. “अरे बाप्पा, काय चकाचक हाय व!” मग खाली बघायच्या, बाजाराकडे बघायच्या आणि निघून जायच्या. एकामागून एक. खुर्ची दिवसभर रिकामी.

माझं डोकं भणभणायला लागलं. कोणीतरी कान भरले असतील. गावातल्या पार्लरवालीनंच. नाहीतर नवऱ्यानं बस चुकीच्या जागी लावली. आणि मग माझी नजर समोरच्या काचेवर गेली. तिथं मी हौसेनं छोटं धम्मचक्र चिकटवलं होतं. नवऱ्यानंही तेच बघितलं असावं.

“थोडे दिवस काढून ठेवू का?” तो हळूच म्हणाला.

“हात तर लावून पाहा!” मी एवढी ओरडले की शेजारचा मिरचीवाला वळून बघायला लागला. राग नवऱ्यावर नव्हता, पण निघाला त्याच्यावर.

पुढच्या बाजाराला मागच्या आपत्कालीन दारावर टकटक झाली. एक बाई कापडी पिशवी छातीशी धरून अनवाणीच आत आली.

“भुवया करून द्या. लवकर.”

“मागून काऊन आल्या?” मी तुटकपणेच विचारलं.

तिनं पिशवी उघडून दाखवली. आत चपला. “समोर सासू भाजी घेऊन राह्यली. पायरीखाली चपला दिसल्या की मी आत हाय हे कळनच ना तिले. सगळ्याइचं तेच हाय.”

“मग चपला घालून यायचं!”

“एवढ्या घरासारख्या फरशीवर? चपला घालून?” तिनं मलाच वेड्यात काढलं. “एसटीत कोन चपला काढते?”

मी हसत सुटले आणि डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. पण शंका काही पाठ सोडेना. मी काचेकडे बोट करून विचारलंच, “त्याच्यामुळं नाही ना?”

तिनं पिशवीचं तोंड बंद केलं. “काही जणीइचं ते बी असन. खोटं काऊन बोलू?”

तिचं हे खरं बोलणं मला फार लागलं, आणि बरंही वाटलं.

सागवानी विनाईल मी जड मनानं उपटलं. त्या जागी काळी, रेघांची पातळ मॅट टाकली, एसटीत असते तशी, बघताच ‘चपलेसहित या’ म्हणणारी. काचेला हात लावला नाही. बाया चपला घालून चढायला लागल्या. सगळ्या नाहीत, पण खुर्ची रिकामी राहीना.

ती पिशवीवाली परत आली तेव्हा पुढच्या दारानं आली, चपला घालून. तिच्या मागं तिची जाऊ होती, ती पायरीवरच थबकली. काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कोनाचं हाय व हे?”

मी खुर्चीतल्या बाईच्या भुवईवर वाकले होते. हात तिथंच थांबला.

“आपल्या ताईचं हाय,” पिशवीवाली म्हणाली. “ये वर. अन् येणार नसशीन त बाजूले हो, मांगं बाया उभ्या हायेत.”

दोऱ्याचं टोक माझ्या दातांत होतं. मी दोरा पुन्हा चालवला. जाऊ वर आली.