पायाळू आत्याचा पाय

सकाळी डबा भरत होते तेव्हा आतेभाऊ प्रमोदचा फोन आला. "ताई, आई गेली." एवढंच बोलला. मी आत्याच्या गावी, रोहण्याला पोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. रडणं जरा थांबलं की जो तो एकच सांगत होता, विमलआत्यानं आपल्याला कुठे पाय लावला होता. कोणाची कंबर, कोणाची पाठ, कोणाचा घोटा. बाहेरगावचं कोणी ऐकतं तर म्हणालं असतं, ही काय बाई होती, गावभर लाथा घालत फिरली की काय.

आत्या पायाळू होती. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, लचक जाते, असं आमच्याकडे मानतात. त्यात खरं किती, मला विचारू नका. माझी कंबर धरली की मीही गुमान भिंतीकडे तोंड करून तिच्यापुढे उभी राहायचे. आत्या डावा पाय उचलून दुखऱ्या जागी हलकेच दाबायची आणि लगेच वाकून त्या माणसाच्या पाया पडायची. पाय लागला म्हणजे नमस्कार आला, मग समोरचा लहान असो की मोठा. "सासऱ्याले लाथ मारायची मोकळीक असलेली गावात मी एकलीच सून," असं ती मोठ्या ऐटीत सांगायची. सासरेबुवाही म्हणे कंबर दुखत नसताना दुखते म्हणायचे, सुनेला हसवायला.

तिचे यजमान लवकर गेले. नाल्याकाठचं वावर तिनंच सांभाळलं. वांगी, भेंडी, पालक, सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पहाटे तोडायचं आणि आर्वीच्या बाजारात न्यायचं. त्याच्यावर प्रमोद शिकला, त्याचं लग्न झालं, नातवंडं झाली. पण भाजी पिकवणं तिनं कधी सोडलं नाही. घरात बसलेली आत्या मला आठवतच नाही.

काही वर्षांपूर्वी वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून येताना तिचा उजवा पाय मुरगळला. आता पायाळूचाच पाय मुरगळला, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? आंबेहळदीचा लेप लावून, वर लुगडं पायघोळ सोडून ती हिंडत राहिली. आणि लोक तर येतच होते. डावा पाय उचलायचा म्हणजे सगळा भार त्या सुजलेल्या उजव्यावर. भिंतीला हात टेकून, दात आवळून ती दुसऱ्यांच्या लचका काढत राहिली. असला शहाणपणा फक्त आमच्या घराण्यात होतो. कधीतरी टाच टेकेनाशी झाली, चवड्यावर चालायला लागली, तेव्हा प्रमोदच्या लक्षात आलं.

प्रमोद मनानं चांगला, पण घाईचा. म्हणाला, "आई, आता तुह्यानं होत नाई. वावर ठेक्यानं देऊन टाकू." त्याच दिवशी आत्याचा मला फोन. "मले तुह्या वर्ध्याले ने. वावर गेलं त मी दिवसभर ओसरीत बसून काय करू? माशा मारू?" आवाज चढा होता, पण ती घाबरली होती. दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन आले.

वर्ध्यात आधी हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे निघाला, हाड शाबूत होतं. जुनी लचक अंगावर काढल्यानं सांधा आखडला होता. मग हातानं सांधे मोकळे करणाऱ्या एका डॉक्टरकडे तिला नेलं. दारावर 'कायरोप्रॅक्टिक' अशी पाटी. डॉक्टर प्रमोदपेक्षाही लहान. एक्स-रे नीट पाहून तो खाली स्टुलावर बसला आणि आत्याचा पाय धरायला गेला, तशी तिनं पाय मागे ओढला.

"नोको बापा, पायाले हात नोको लावू. तू शिकेल-सवरेल मानूस."

"आजी, पाय नाही धरला तर इलाज कशाचा करू?"

कसाबसा पाय दिला, पण असा ताठ धरला की तो तसूभर वळेना. ढिला सोडा, ढिला सोडा, म्हणून तो थकला. मी रागावले. आत्या रडवेली झाली. "काऊन चिडतं? मी लोकायले पाय लावते त पाया पडते. हा माहा पाय घेऊन बसला, मी याच्या पाया कशी पडू?" त्या दिवशी तसंच परत आलो.

पुढच्या वेळी डॉक्टर स्टुलावर बसलाच नाही. आत्या खुर्चीवर टेकली तसा समोर आला आणि खाली वाकून त्यानं रीतसर नमस्कार केला. आत्याचा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर गेला. "सुखी राह्य, बापा." तेवढ्यात पाय त्याच्या हातात होता, आणि ढिला होता... त्यानं घोटा हळूहळू फिरवला. आत्या त्याच्या लेकरांची चौकशी करत होती. नंतर दर वेळी तो आधी पाया पडायचा, मग काम सुरू. पाय नव्यासारखा होणार नाही, हे त्यानं सांगितलं होतं; घरी व्यायाम केला तरच चालाल, असा दमही भरला होता. आत्यानं तो व्यायाम देवपूजेसारखा केला. सुनेनं टोकलं की म्हणायची, "मले वावरात जायचं हाय."

आणि गेली. आधी सुनेचा हात धरून, मग काठी घेऊन; उजवी टाच मात्र पुरती टेकत नव्हती. ठेक्याची गोष्ट मागे पडली. पुढे कोणी मुरगळलेला पाय घेऊन आलं की ती पाय लावायची, पाया पडायची आणि वर सांगायची, "आता एक्स-रे काढून येजो. माह्यासारखं लपवू नोको."

तेरवी झाल्यावर मी आणि प्रमोद ओसरीत बसलो होतो. वावर ठेक्यानं मागणाऱ्याचा निरोप आला होता. मी विचारलं, "काय करणार वावराचं?" त्यावर त्यानं जे सांगितलं ते तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. गेली त्या दिवशी सकाळी आत्या काठी घरीच ठेवून वावरात गेली होती. सांभाराच्या जुड्या घेऊन आली, बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले, ओसरीत येऊन भिंतीला टेकून बसली, ती तशीच गेली.

"फरशीवर तिचे ओले पाय उमटले होते, ताई. मी पाह्यले. दोनी पाय पुरे होते. टाचा सुद्दा." तो समोरच्या फरशीकडे पाहत बोलत होता. "कोनाले त दाखवाव म्हनलं... लोक जमेपर्यंत वाळून गेले."